बारावा महिना

आमच्यात नरक कायमचा नसतो. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग थोडे हिरमुसतात. आपल्या ओळखीतल्या दोन-चार माणसांनी तरी कायमचं जळावं, अशी प्रत्येकाची आतून इच्छा असते. पण आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, समजूत अशी की मेलेला माणूस गेहिन्नोममध्ये जातो, तिथल्या आगीत त्याचा मळ निघतो आणि जास्तीत जास्त बारा महिन्यांनी तो बाहेर पडून गन एदेनच्या, म्हणजे स्वर्गातल्या बागेच्या, दाराशी येतो. माझी आई सांगायची, परटाची भट्टी असते ना, तसं ते. कपडा जितका मळका तितका वेळ आत. शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी ती भट्टीसुद्धा बंद.

आतून लवकर निघायला मेलेल्याला मदत होते ती मुलाची. मुलाने दहा पुरुषांच्या जमावात उभं राहून कद्दीश म्हणायचा आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. कद्दीशमध्ये मरणाचं नाव नाही, नरकाचं नाही, नुसती देवाची थोरवी. हा म्हणायचा अकरा महिने. बारा का नाही? कारण पुरे बारा महिने लागतात ते फक्त दुष्टांना, आणि आपला बाप दुष्ट होता हे चारचौघांत कोण कबूल करील? म्हणून एक महिना आधीच थांबायचं. पिढ्यान् पिढ्या आमचे सगळ्यांचे बाप असे अकरा महिन्यांत सुटत आले आहेत. माझाही सुटला, त्यामुळे या रिवाजाबद्दल वाईट बोलायला मी धजत नाही.

मिल्काबाई झिराडकरांनी तो मोडला. त्यांच्याबद्दल आमच्यात आता बरंच बोललं जातं आणि त्यातलं बरंचसं घरबसल्या रचलेलं आहे. मी त्या दहांपैकी एक होतो, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

नेरूळला सिडकोच्या जुन्या कॉलनीत तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये आमची प्रार्थनेची खोली आहे. पुढच्या खोलीत पुरुष, आणि स्वयंपाकघराच्या दाराला पडदा लावून त्यामागे बायका. आमची म्हातारी माणसं प्रार्थनास्थळाला मशीद म्हणतात, त्यामुळे सोसायटीचा नवा वॉचमन आला की पहिले काही दिवस त्याच्या डोक्याचा भुगा होतो. शनिवारी मशिदीत जाणारी, नावं बायबलातली, आडनाव झिराडकर आणि भांडणं शुद्ध मराठीत. दहा पुरुष जमवताना मात्र नाकी नऊ येतात. निम्मे इस्रायलला गेले, उरलेल्यांतले बरेचसे वर गेले. दहावा आला नाही तर कद्दीश नाही, मग नऊ जणांनी कितीही घसा फोडला तरी.

मिल्काबाई अलिबागकडच्या. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद राहायचा. आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणत ते त्यामुळेच. मुंबईत नर्सिंग शिकल्या आणि वाशीच्या एका हॉस्पिटलात उभा जन्म काढला. बोलणं थोडं, हात हलका. माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारात सुई टोचायला मिल्काबाईच हव्या असायच्या. त्यांचे यजमान हस्केल वीज कंपनीत होते. इस्त्रीचा सदरा, वेळेवर हजर, प्रार्थना तोंडपाठ. उपासाच्या दिवशी आमच्यासारखे चारनंतर घड्याळाकडे बघत बसायचे नाहीत. माणूस वाईट होता असं तुम्हाला एकही जण सांगणार नाही. सगळ्यांना दाखवायला तो वाईट नव्हताच.

त्यांना दोन मुलं. थोरली अबिगेल, घरी आबी, धाकटा बेन्झी. आबीने करावे गावातल्या रूपेशशी कोर्टात लग्न केलं. रूपेशचा बाप खाडीत मासे धरायचा, हा स्वतः सीवूड्सला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. लग्नाची बातमी आली त्या संध्याकाळी हस्केलने अंगातल्या सदऱ्याचा गळा टराटरा फाडला, घरातले आरसे झाकले आणि जमिनीवर चटई टाकून तो बसला. आमच्यात माणूस मेलं की घरचे असे सात दिवस बसतात. लोक भेटायला येतात, उकडलेली अंडी आणतात, मेलेल्याबद्दल चार चांगले शब्द बोलतात. इथे मेलेली मुलगी पुढच्याच स्टेशनावर जिवंत होती, भाजी चिरत असेल नाहीतर टीव्ही बघत असेल, आणि हा पूर्ण सात दिवस तिच्यासाठी बसला. बायकोला आणि मुलालाही बसवलं. मलाही बोलावणं होतं. मी गेलो नाही. यात शौर्य काही नव्हतं, माझी कंबर धरली होती.

त्यानंतर त्या घरात आबीचं नाव निघालं नाही. मिल्काबाई तेवढ्या सीवूड्सच्या बाजारात मासे घ्यायला जायच्या. आम्ही खवल्यांचेच मासे खातो, ते नेरूळलाही मिळतात, पण त्या जायच्या सीवूड्सलाच. मायलेकींची तिथे कधी गाठ पडली का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तीन वर्षांनी आबी डेंग्यूने गेली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हस्केल गेला, मेंदूत रक्तस्राव होऊन, एका दिवसात. त्याला रीतसर पुरलं, रीतसर सगळे सात दिवस बसले, आणि बेन्झी दर शनिवारी कद्दीश म्हणायला उभा राहू लागला. पोरगा महापेला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. बापावर त्याचा जीव. कद्दीश म्हणताना डोळे मिटायचा, एकदाही चुकला नाही. त्यामुळे आमचेही दहा भरत होते.

त्या महिन्यांत मिल्काबाईंची एक गोष्ट बायकांच्या डोळ्यांवर आली. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो आणि गेहिन्नोमची आग पुन्हा पेटते. ज्यांच्या घरचं माणूस नुकतंच गेलंय त्या बायका मुद्दाम उशीर करतात. तारे दिसले तरी न दिसल्यासारखं करतात, चूल पेटवत नाहीत; तेवढाच आपल्या माणसाला विसावा. माझ्या आईने आमच्या बापासाठी आम्हाला कितीतरी शनिवार उपाशी ताटकळत ठेवलं होतं. मिल्काबाई मात्र खिडकीत उभ्या राहून तारे मोजायच्या आणि तिसरा दिसला रे दिसला की गॅस पेटवायच्या. शेजारच्या अक्षताने कुतूहलाने विचारलं, "काय मावशी, भूक लागली वाटतं?" तर म्हणाल्या, "नाय गं. ज्याचं काम त्याने वेळेवर सुरू करावं."

अकरावा महिना संपला त्या शनिवारी बेन्झीने शेवटचा कद्दीश म्हटला. आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली. सॅम्सन मास्तर आमचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. शाळामास्तर होते, अजूनही बोलताना बोट वर करतात. ते म्हणाले, "बेन्झी, मुलाचं कर्तव्य केलंस. आता तुझ्या पप्पांचं सगळं चांगलं झालं."

तेवढ्यात पडदा सरकला आणि मिल्काबाई पुरुषांच्या खोलीत आल्या.

"बेन्झी," त्या म्हणाल्या, "पुढल्या शनवारी पण म्हणायचा. हा महिना पुरा."

मास्तरांना वाटलं बाईंचा हिशेब चुकला. त्यांनी बोट वर करून समजावलं की अकराच असतात.

"दुष्टाला किती असतात, मास्तर?"

"बारा. पण..."

"मग बारा म्हणा."

बेन्झीचे कान लाल झाले. "आई, तू काय बोलतेयस? सगळे ऐकतायत."

"सगळ्यांसाठीच बोलते. बेन्झी, तुझे पप्पा दुष्टपणे वागले. त्यांना पुरे बारा लागतील. शेवटच्या महिन्यात त्यांना एकटे टाकू नको."

नवऱ्याला दुष्ट म्हणतानाही बाईंनी अहो-जाहो सोडलं नाही. मला हसू आलं, ते मी पुस्तकाआड लपवलं.

बेन्झी आठवड्याच्या मध्यात माझ्याकडे आला. "काका, तुमचं ऐकेल ती. ठाण्याला माझ्या लग्नाचं बोलणं चाललंय, त्या लोकांच्या कानावर गेलं तर काय? बापासाठी बारावा महिना म्हटला म्हणजे झालंच ना! लय टेन्शन आलंय." मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "आणि पप्पा तसे नव्हते हो. कडक होते. दुष्ट नव्हते."

मी गेलो. मिल्काबाई नारळ खवत होत्या. मी म्हणालो, "बाई, मेल्या माणसाचा सूड घेऊ नये."

त्यांनी हात थांबवला नाही. "दानियलभाऊ, सूड घ्यायचा असता तर गप नसते बसले? तुम्ही सगळे अकराव्याला थांबताच आहात. शेवटच्या महिन्यात माणूस आत, आणि बाहेरून त्याच्यासाठी कोणी हूं नाय की चूं नाय. तुम्हाला त्यांचं नाव सांभाळायचंय. मला त्यांना बाहेर काढायचंय."

मग त्यांनी मला आबी गेली त्या दिवसाचं सांगितलं. तोवर मला फक्त एवढंच ठाऊक होतं की तिला करावेच्या स्मशानात अग्नी दिला.

हॉस्पिटलने सकाळी मयत ताब्यात दिलं. रूपेश थेट नेरूळला यांच्या दारात आला, पायात चपला नाहीत. हस्केल दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. रूपेश म्हणाला, "पप्पा, तुमच्यात पुरतात, म्हाईत हाय मना. तिची पन तीच इच्छा होती. तुमी चला, घेऊन जा तिला. मी आडवा येनार नाय."

हस्केल म्हणाला, "माझी मुलगी तीन वर्षांमागे वारली. एका मुलीसाठी मी दोनदा बसत नाही."

रूपेशने पाय धरले. म्हणाला, पुरू नका, नुसते येऊन तोंड बघा. हस्केलने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मिल्काबाई पदर खोचून निघाल्या तेव्हा तो उठलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "जा. तुझ्यासाठीपण बसेन."

"आणि मी थांबले," मिल्काबाई म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना सलाईन लावले, रात्र रात्र उशाशी बसले. माझी पोर तिकडे ओट्यावर पडलेली, आणि मी दाराच्या आत. बेन्झी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसला होता. त्यात काय लागलेलं नव्हतं, वायर लोंबत होती. रूपेश बोलला, संध्याकाळपर्यंत थांबतो, वाट बघतो. थांबला तो. सगळा गाव थांबला. दिवेलागणीला त्यांनी तिला उचलली."

खवणीला नारळाची करवंटी लागली तरी त्या खवतच होत्या. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली. मला त्या हस्केलचा असा राग आला की गेहिन्नोमला बारा महिन्यांची मुदत ज्याने कुणी घातली त्याला जाब विचारावासा वाटला. मी घरी परत आलो ते बेन्झीला फोन न करताच.

शनिवार आला. दहाजण जमले होते, बेन्झी धरून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रार्थना चालली आणि कद्दीशची जागा आली. अकरा महिने त्या जागी बेन्झी उठत असे. आज तो पुस्तकात तोंड घालून बसून राहिला. मास्तरांनी क्षणभर वाट पाहिली, पुढचं पान उलटलं.

पडद्यामागून कद्दीश ऐकू आला. बाईचा आवाज. उच्चार आमच्या अलिबागी वळणाचे, पण शब्द एकही गाळलेला नाही. अकरा महिने पडद्याआड उभं राहून कानाने गोळा केलेला. आमच्या खोलीत बाईने कद्दीश म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आमेन म्हणायचं की नाही, ते कुणाला कळेना. बेन्झी उठला आणि तरातरा दाराबाहेर गेला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "आता नऊच उरलो. आणि बाई, इकडे या."

मिल्काबाई पुढे आल्या. मास्तर रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "मिल्काबाई, मी तुम्हाला भीती घालत नाही. लिहिलंय ते सांगतो, उद्या म्हणाल मास्तरांनी सांगितलं नाही. बारा महिन्यांची मुदत सगळ्यांना नाही. काही माणसं गेहिन्नोममध्ये उतरतात ती वर येतच नाहीत. त्यात एक आहे, दुसऱ्याला चारचौघांत खाली मान घालायला लावणारा. हस्केल आता उत्तर द्यायला नाही. त्याची तुम्ही अशी शोभा केलीत तर तुमचं काय होईल, ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"आबी गन एदेनमध्ये असेल. तुम्हाला ती कधीच भेटायची नाही."

मिल्काबाईंनी पडद्याची कड हातात धरली होती. आवाज पेशंटला गोळी कशी घ्यायची ते सांगताना असायचा तसाच होता.

"नाय भेटली तर नाय भेटली. मी काय तोंड घेऊन भेटू? मी थांबले होते त्या दिवशी. पण तिने वाट बघितली ती त्यांची, मास्तर. शेवटपर्यंत रूपेशला विचारत होती, पप्पा आले काय. आता त्यांना तिच्याकडे जाऊ द्या. आग काय, आगीने माणूस नुसता साफ होतो. तिच्या समोर जाऊन उभे राहू देत. तिने विचारू दे काय ते विचारायचं. त्याच्यासाठी मी आत राहिले कायमची तरी माझं काय म्हणणं नाय."

बाहेर चपलांच्या मांडणीपाशी बेन्झी उभा होता. दार उघडंच होतं, त्याने सगळं ऐकलं. तो आत आला तेव्हा त्याच्या एकाच पायात बूट होता. त्याने आईकडे पाहिलं नाही. आपल्या जागी जाऊन उभा राहिला, पुस्तक बंद केलं आणि बापाच्या नावाने कद्दीश सुरू केला. जो मुलगा अकरा महिने एकदा चुकला नव्हता तो त्या दिवशी तीनदा अडखळला.

आमेन म्हणणं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हस्केल झिराडकर दुष्ट होता, याला साक्ष देणं. ज्यांनी आबीसाठीच्या त्या चटईवर त्याच्या शेजारी बसून उकडलेली अंडी खाल्ली होती तेही त्यात होते. पहिला आमेन मी म्हटला, जरुरीपेक्षा मोठ्याने. मग मास्तरांनी. मग बाकीच्यांनी.

तो महिना बेन्झीने पुरा केला. ठाण्याचं स्थळ मोडलं. त्या लोकांनी कारण सांगितलं नाही आणि बेन्झीने विचारलं नाही. मायलेक एकमेकांशी जरुरीपुरतं बोलतात.

शेवटच्या शनिवारी प्रार्थना सुटल्यावर मिल्काबाई गेटपाशी माझ्यासाठी थांबल्या होत्या.

"दानियलभाऊ, आता निघाले असतील ना ते?"

"निघाले असतील," मी म्हणालो.

"आबी घेईल त्यांना आत. रागावेल, पण घेईल. तशी माझ्यासारखी नव्हती ती."

"आणि तुम्ही, बाई?"

"माझं मास्तरांनी सांगितलंय की." एवढं बोलून त्या पदर सावरून उन्हातून घराकडे चालू लागल्या.

मी हाक मारणार होतो. मास्तर काहीही सांगतात, तुमच्यासारखीला कोण आत ठेवणार, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण मास्तरांचं ते खोटं धरायचं तर बारा महिन्यांचंही खोटं धरायला हवं. मग हस्केल कुठूनच निघाला नसणार, आणि आबीच्या दारात कुणीच आलेलं नसणार. हे त्या बाईला सांगायची माझी छाती झाली नाही. त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मी गेटपाशी उभा होतो.